चार्जिंगच्या दिव्याची बॅटरी

लाइट गेली की लोकांचा पंखा बंद पडतो, टीव्ही बंद पडतो. माझे कान बंद पडायचे. मला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, सातवीत असताना ताप डोक्यात गेला, बरेच दिवस कल्याणला इस्पितळात पडून होते, आणि बरी होऊन घरी आले तेव्हा माणसांची नुसती तोंडं हलत होती. आधी वाटलं, सगळे मिळून माझी चेष्टा करतायत. मग कळलं की चेष्टा नाही, हे आता असंच राहायचं आहे.

तेव्हापासून मी तोंडं वाचते. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची आणि तो काय म्हणतो ते उचलायचं. मला बोलता येतं, कारण बोलायला मी आधीच शिकले होते. पण आवाज मोठा लागतो म्हणतात, आणि वाकडातिकडा. गावातली पोरं माझी नक्कल करायची. त्यांची तोंडं मला दिसायचीच की! मीही त्यांना घालून पाडून बोलायचे, आणि मग ती अजून जोरात नक्कल करायची. असू दे, मेल्यांनो, तुमचं तुमच्यापाशी.

आमचं घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत. भाताची शेती. घरात बाबा, आई, दादा, वैनी आणि त्यांची दोन पोरं. दादा मुरबाडला कारखान्यात जायचा. वैनी शहापूरची. मी घरातली बिनलग्नाची, बहिरी, मशीनवर ब्लाऊज शिवणारी. पाहुणे आले की माझी ओळख शेवटी करून द्यायचे, तीही हळूच, जणू मला ऐकूच जाईल.

लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा माझं खरं मरण सुरू झालं. दिवेलागणीला लाइट जायची ती जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी यायची नाही. रॉकेलची चिमणी वैनीच्या चुलीपाशी, कंदील पोरांच्या पुस्तकांपाशी. बाकी घरात नुसत्या सावल्या. सगळे बोलायचे, हसायचे, आणि मी भिंतीला टेकून बसायचे. एकदा मी रडले. अंधारात रडलेलं कुणाला दिसत नाही असं मला वाटायचं, पण मला माझाच आवाज ऐकू येत नाही ना! सगळ्या घराने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाबा कल्याणला गेले आणि चार्जिंगचा दिवा घेऊन आले. इमर्जन्सी लाइट म्हणतात तो. पांढऱ्या प्लॅस्टिकची पेटी, वर धरायला मूठ, पुढे दोन लहान ट्यूब, आणि आत बॅटरी. दिवसा लाइट असताना वायर लावून ठेवायचा, संध्याकाळी पेटवायचा. गावातल्या चार घरांत असे दिवे होते. पण बाबांनी तो वापरायची एक रीत काढली, ती मात्र फक्त आमच्या घरातच होती. काही बोलायचं असलं की ते आधी दिवा उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरायचे, मी बघतेय याची खात्री करायचे, आणि मगच बोलायचे. दुसरं कुणी बोलायला लागलं की दिवा त्याच्या तोंडावर. जेवायला बसलो की दिवा असा पानापानावरून फिरायचा.

"बघ गो, तुझा बा आता बातम्या देतोय," असं म्हणायचे आणि गावभरच्या कुचाळक्या सांगायचे. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे त्यांचं तोंड वाचायला मला सगळ्यात सोपं जायचं.

दादाला हे मुळीच आवडायचं नाही. "तोंडावर बत्ती मारता, चोर पकडलाय का मला?" वैनी तर डोळ्यांवर आडवा हात धरायची. पण बाबांपुढे कुणाची टाप नव्हती. "तिला कळू दे. तिच्या घरात बोलतो ना आपुन?" एवढं म्हणायचे आणि दिवा तिथेच धरून ठेवायचे, समोरचा बोलेपर्यंत.

मग एका श्रावणात बाबा जेवून पडले ते उठलेच नाहीत. 

दिवा आधी पोरांच्या अभ्यासाला गेला. भिंतीवर खिळा ठोकला, दिवा त्यावर, तोंड पुस्तकांकडे. मग वैनीच्या ओट्यापाशी गेला. मी उचलून बाबांसारखा मधे आणून ठेवला की वैनी पुन्हा नेऊन ठेवायची. एकदा मी तिच्या तोंडावर धरला तर म्हणाली, "डोळ्यानं खाते नुसती. हिच्यासमोर काय बोलायची सोय नाय." हे तिने माझ्याकडे बघून नाही, दादाकडे बघून म्हटलं. पण दिवा तिच्या तोंडावर होता, मला स्वच्छ दिसलं. आणि हे तिलाही माहीत होतं.

त्या वर्षाच्या शेवटाला दिवा मंद व्हायला लागला. पेटवला की थोडा वेळ बरा, मग पिवळा, मग मेलाच. बॅटरी म्हातारी झाली होती. आईला वाटलं, टॉर्चच्या सेलसारखं असेल. आमच्याकडे सगळेच करतात ते. सेल संपले की पत्र्यावर उन्हात टाकायचे, तापले की ते पुन्हा चार दिवस चालतात. आईने दिवा गोठ्याच्या पत्र्यावर वाळत टाकला. वर पापड वाळत होते, त्यांच्याच शेजारी. दुपारी उठून उठून ती तो परतायची, पापड परतते तसा. संध्याकाळी फडक्यात गुंडाळून आत आणायची. आमची आई तशी हळवी बाई. मला त्या दिवसांत तिच्याबद्दल फार बरं वाटलं होतं. म्हटलं, बाबा गेले पण ही आहे.

उन्हाने बॅटरी फुगली. दिव्याची पेटीसुद्धा मागच्या बाजूला जराशी उचकटली, आणि दिवा कायमचाच गेला. आईने कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, मुरबाडवरून बॅटरी आण," मी सांगितलं. तो म्हणाला, आणतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, विसरलो. मग रोजच विसरायला लागला. ज्या एसटी स्टँडवर तो रोज उतरायचा, त्याच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान होतं. तंबाखूचा मावा घ्यायला तो विसरायचा नाही, पोरांची बिस्किटं विसरायचा नाही. थंडीत म्हसा गावच्या जत्रेला गेला, तिथून घोंगडी आणली, वैनीला बांगड्या आणल्या, पोरांना पिपाण्या आणल्या. दिवसभर पोरं माझ्यासमोर गाल फुगवून पिपाण्या वाजवत होती. बॅटरीचं विचारलं तर म्हणाला, "जत्रेत बॅटरी मिळते का गो, येडी?"

मी म्हटलं, मीच जाते मुरबाडला. तर आई मधे पडली. एकटी कशी जाशील, मागून गाडी आली तर हॉर्न ऐकायची नाहीस. दादा आणेल म्हणाली. आणि वैनी वळून, पण अर्धं तोंड माझ्या बाजूला ठेवून म्हणाली, "हिला अंधारात असं काय ऐकायचं राहिलंय?"

अंधारात मला एकच गोष्ट ऐकू यायची, तीही कानांनी नाही. आमच्या ओटीवर एक जुनं सागाचं बाकडं होतं. त्यावर बसून हाताचा तळवा लाकडावर टेकला की पुरुषाचा जाड आवाज बाकड्यातून हातात यायचा. शब्द नाही कळायचे, नुसती घरघर. पण माणूस कळायचा. बाबांची घरघर वेगळी होती, दादाची वेगळी. बायकांचे आवाज बारीक, ते लाकडात उतरत नाहीत. सारवलेल्या जमिनीतून तर काहीच येत नाही. म्हणून दिवा मेल्यापासून मी रोज संध्याकाळी बाकड्याच्या टोकाला बसायला लागले. तेवढीच सोबत.

एका संध्याकाळी त्या बाकड्यात तिसराच आवाज आला. त्याआधी दारात मोटरसायकलचा उजेड पडून गेला होता, तेव्हा कुणीतरी आलंय हे मला कळलं होतं. नवा आवाज थोडा वेळ, मग दादाचा, मग पुन्हा नवा. मधे मधे बराच वेळ काहीच नाही, म्हणजे बायका बोलत असणार. आई माझ्या शेजारी बसायची तेव्हा तिचा हात नेहमी माझ्या पाठीवर असायचा. मी आहे, एवढं सांगायला. त्या संध्याकाळी ती उठून पलीकडे जाऊन बसली.

सकाळी मी विचारलं, "कोण आलेलं गो काल?"

आई म्हणाली, "वैनीचा भाऊ. म्हशीचं बघायला आलाय. शहापूरला नेनार."

दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला. पुन्हा लाइट गेल्यावरच. मग आणखी एकदा. मी म्हटलं, अरे, एका म्हशीसाठी हा माणूस शहापूरवरून किती खेपा मारतोय? आणि म्हैस बघायची तर दिवसा येईल ना, अंधारात म्हशीचं काय दिसतं? आणि प्रत्येक वेळी तो आला की आईचा हात माझ्या पाठीवरून निघून जायचा. या घरात माझ्याबद्दल काहीतरी ठरतंय, माझ्या वीतभर अंतरावर बसून ठरवतायत, आणि मी अंधारात हात लाकडावर टेकून बसलेय. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, या माणसांची तोंडं मला बघायचीच आहेत.

सोमवारी दादा कामावर गेल्यावर मी दिवा पिशवीत घातला, आईला विहिरीवर जाते सांगितलं आणि सरळ रस्त्यावर जाऊन मुरबाडच्या जीपमधे बसले.

मुरबाड तालुक्यात बहिऱ्या माणसाचा खरा वैरी कोण असेल तर तो मावा. बापे सगळे तोंडात तोबरा भरून, ओठ मिटून, हनुवटी वर करून बोलतात. काय डोंबल कळणार? दुकानदाराने दिवा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि गाल हलवले. मी म्हटलं, "थुंका आधी. मला ऐकू येत नाय, तोंड दिसल्याशिवाय कळत नाय." माझा आवाज बराच मोठा लागला असणार, कारण शेजारच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. त्यातल्या एकाने तोंड वेडंवाकडं करून माझी नक्कल केली आणि बाकीचे हसले. दुकानदारही हसला. मग बाहेर जाऊन थुंकून आला.

"सोबत कोन नाय आलं?" 

"नाय."

"घरात कोन शहाना मानूस नाय का?"

"शहानेच आहेत सगळे. म्हनून मी आले."

त्याने मागचे चार स्क्रू काढले, पेटी उघडली. आत विटेच्या तुकड्याएवढी काळी बॅटरी, दोन्ही कुशी फुगलेल्या. ती बाहेर निघेना. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून काढली. वायरींच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती, ती त्याने ब्लेडने खरवडली. "उन्हात ठेवलेली ना?" मी मान हलवली. "सगळ्या गावच्या म्हाताऱ्या हाच धंदा करतात. पापड समजतात." नवी बॅटरी काढली, लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला, ढकलून बसवली. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी दादा महिनोन् महिने विसरत होता! मी त्याच्या हातावरून नजर हलवली नाही. स्क्रू लावताना म्हणाला, "आज रातभर आनि उद्या दिवसभर चार्ज कर, मग पेटव. आनि चार्ज केल्याशिवाय ठेवून देऊ नको. तशीच पडून राह्यली तर मरते."

शिलाईचे पैसे होते माझ्याकडे, ते दिले आणि परतले. घरी आई दारातच उभी होती. कुठे गेलेलीस, जीव टांगणीला लागला, वगैरे. मी म्हटलं, ब्लाऊजचं अस्तर आणायला. दिव्याचं सांगितलं नाही. शिलाई मशीनच्या मागे, कापडांच्या गाठोड्याआड वायर लावून ठेवला. लाल ठिपका पेटला तो गाठोड्याने झाकून टाकला. वैनीने त्या दिवशी गाठोड्याकडे बघितलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण माझ्या कोपऱ्याकडे कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. थोड्या वेळाने दारात मोटरसायकलचा उजेड पडला. मी बाकड्याच्या टोकाला बसले होते. दिवा मांडीत, वरून पदर. एक हात लाकडावर. बाकडं थरथरलं, वैनीचा भाऊ बसला. आई आली, माझ्याजवळ थांबलीसुद्धा नाही, खांबापाशी जाऊन बसली. मी वाट बघत राहिले. दादाची घरघर आली आणि गेली. मग दुसरी सुरू झाली, आणि बराच वेळ थांबेना. तेव्हा मी दिवा काढला, वैनीच्या भावाच्या तोंडावर धरला आणि बटण दाबलं.

पांढराशुभ्र उजेड पडला. मेल्याच्या तोंडात मावा नव्हता, हे माझं नशीब. तो म्हणत होता, "...चार बाया पळाल्या. आत्या अंथरुनात पडल्या पडल्या आई-बहिनीवरून शिव्या घालते. घान काढायला बायका तयार हाईत, पन शिव्या ऐकून कोन टिकत नाय."

मग तो दचकला. मी दिवा दादाकडे वळवला. दादाने तोंड मिटलं होतं. वैनी डोळ्यांवर हात धरून उभी होती आणि हाताखालचे तिचे ओठ म्हणत होते, "झाला का चालू, मेला." मी दिवा फिरवत खांबाकडे नेला.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वाटलं, लाइट आली. ती वैनीच्या भावाकडे तोंड करून बोलतच होती. आईचं तोंड मी सगळ्यांत जास्त वाचलंय. त्यात माझी चूक होणं शक्य नाही.

ती म्हणाली, "शिव्या देते तर देऊ दे. हिला कुठं ऐकाया येतंय? न्या तुमी. हिचा बा होता तवर ठेवली."

मग तिला कळलं. उजेड वरून नाही, माझ्या हातातून येतोय हे कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती उठून येईल, नाहीतर रडेल तरी, नाहीतर निदान गप्प बसेल. तिने पदर ओढला, तोंडावर धरला आणि पदराआडून पुढे बोलायला लागली. दिवा तिच्यावर होता. पदर हलताना मला दिसत होता, आत जायचा, बाहेर यायचा. बराच वेळ हलत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही. पोरं घाबरून वैनीला बिलगली, तेवढं दिसलं. दादा उठला आणि त्याने माझ्या हातातून दिवा काढून घेतला. मला वाटलं, बंद करतोय. नाही. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने दिवा स्वतःच्या तोंडासमोर धरला, मी बघतेय याची खात्री केली, आणि एकेक शब्द सुटा सुटा करून बोलला.

"दोन दिवस जा शहापूरला. पाहुनी म्हनून. मग मी येतो न्यायला."

बाबांची रीत त्याला चांगली येत होती. कुठे वापरायची तेही बरोबर कळलं होतं.

मी कुठे जाणार होते? भांडून बघितलं, जेवले नाही, कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. मी तोंड फिरवलं की घरातल्या कुणाला माझ्याशी काही बोलताच यायचं नाही. त्यांना बरंच झालं ते. सकाळी आईने माझी पेटी भरून ठेवली होती. मशीन राहू दे म्हणाले, दोन दिवसांसाठी कशाला. मी म्हटलं, बरं. आणि सगळे चहा घेत होते तेव्हा शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला, खिळ्यावरचा दिवा उतरवला, मागचे चार स्क्रू काढले, दोन वायरी सोडवल्या आणि बॅटरी काढून माझ्या कपड्यांच्या पेटीत साडीच्या घडीत ठेवली. स्क्रू पुन्हा लावले. दिवा पुन्हा खिळ्यावर. वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. हातात घेतला असता तर हलका लागला असता, पण बाबांनंतर त्या घरात तो दिवा माझ्याशिवाय कुणी कधी नीट हातात घेतला होता?

शहापूरची म्हातारी म्हणजे वैनीची आत्या. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिला उचलायची, धुवायची, कूस बदलायची, भरवायची. ती दिवसभर काहीतरी बोलायची आणि घरातले तिच्या खोलीत यायचे नाहीत. पहिले काही दिवस मला त्या वाकड्या तोंडातलं काही कळलं नाही. वैनीचा भाऊ दारातून बघायचा आणि खूश होऊन जायचा, ही टिकली म्हणून. पण तोंड वाचण्यात माझा हात कोण धरणार? महिन्याभरात मला अर्ध्या तोंडाच्या शिव्याही वाचता यायला लागल्या. एकेक अशी की सांगायची सोय नाही. मीही परत द्यायला लागले, माझ्या मोठ्या वाकड्या आवाजात. म्हातारी आधी चकित झाली. मग तिला मजा वाटायला लागली. त्या घरात आम्ही दोघी सोडून एकमेकांशी कुणी मनापासून बोलत नव्हतं.

दोन दिवस काही संपले नाहीत. दादा न्यायला आला नाही. बॅटरी पेटीत साड्यांखाली पडून होती. शहापूरला लाइट होती, दुकानं होती, चार्ज करून घेणं काही अवघड नव्हतं. मी केली नाही. दुकानदाराने सांगितलेलं मला पाठ होतं. मी ती मरू दिली.

पावसाळा उलटल्यावर, भात कापणीच्या आधी, एका दुपारी आई आली. एकटी, किन्हवलीमार्गे एसटीने. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी नुकतीच निघालेली. हातात पिशवी. शहापूरच्या ओटीवरही एक बाकडं होतं, तिथे बसली. मीही बसले, मधे जागा ठेवून. तिने पिशवीतून दिवा काढला आणि आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

तो लागत नाही म्हणून दुरुस्तीला आणला होता, की बाबांनी माझ्यासाठी आणलेला म्हणून मला द्यायला आणला होता, ते मला माहीत नाही. दादाने पाठवली होती की ती आपणहून आली होती, न्यायला आली होती की नुसती बघायला, तेही माहीत नाही. कारण आईने पदर खांद्यावर मागे टाकला, तोंड पुरतं मोकळं केलं, भर दुपारच्या उजेडात माझ्यासमोर चेहरा आणला आणि बोलायला तोंड उघडलं. आणि मी डोळे मिटले.

घट्ट मिटले. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला, मग पाठीवर आला, पूर्वीसारखा. मी डोळे उघडले नाहीत. हात हलत होता, म्हणजे ती बोलत होती. बोलू दे म्हटलं. मग माझ्या तळव्याखाली बाकडं घरघरायला लागलं. पुरुष कुणी नव्हतं ओटीवर. आईचा आवाज बारीक, सगळ्या जन्मात तो कधी लाकडात उतरला नव्हता. त्या दुपारी उतरला. किती मोठ्याने बोलत असेल ती!

मी तशीच डोळे मिटून उठले, चाचपडत बाकड्यावरून उतरले आणि खाली लादीवर जाऊन बसले. लादीतून काही येत नाही.